पडलेल्या भाताचा रंग

भात कापायला आलं की कार्ल्याच्या आसपास एक वास सुटतो. उन्हात तापलेल्या पेंढ्याचा, ओल्या बांधाचा आणि इंद्रायणीच्या भरल्या दाण्याचा मिळून झालेला. शनिवारी जुन्या हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचा त्या वासापुरत्या खाली होतात, कोणीतरी मोबाईल बाहेर धरून पिवळ्या खाचरांचा फोटो काढतं आणि काच पुन्हा वर जाते. यंदाही तेच चाललंय. परवा मी फाट्यावर बसमधून उतरले तेव्हा एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "बघ, राईस कसा गोल्डन दिसतो!" दिसतो खरा. मला मात्र ह्या दिवसांत रंगांचा राग येतो. रंग कोण देतं आणि कशासाठी देतं, हे मला अशाच एका सुगीत कळलं. कळून उपयोग काही झाला नाही.

त्या वर्षी मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नुकतीच संशोधनाला लागले होते. काम काय, हे घरी सांगताना माझी तारांबळ उडायची. भाताची काडी आडवी कापायची, तिची केसाहून पातळ चकती काढायची, ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि तिच्यातून अवरक्त किरण पाठवायचे. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश. काडीतल्या प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. त्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात आणि धाग्यांमधल्या फटी बुजवून त्यांना ताठ करणारं लिग्निन असतं. ह्या पदार्थांची घडण वेगवेगळी, म्हणून जो तो त्या प्रकाशातला आपापला वाटा गिळतो. कुठं कोणी किती गिळलं हे यंत्र ठिपक्या-ठिपक्याला मोजतं आणि सगळे ठिपके जोडून नकाशा काढतं. काडी ताठ का उभी राहते आणि का लवते, हे त्या नकाशात शोधायचं.

"म्हंजी काडीचा एक्स-रे," हमीदभाऊ म्हणाले होते.

"तसंच समजा."

"मंग मोडल्यालं हाड दिसत आसंल."

हमीदभाऊ आमच्या आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे जिवाभावाचे. फाट्यावर त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शेडचे सांगाडे. ओढ्याकडेला त्यांची खाचरं आमच्या खाचरांना लागून होती, मधे एकच बांध. तो बांध कोणाचा यावर दोघे आयुष्यभर खोटं खोटं भांडत आले. बांधावरची तूर मात्र दोन्ही घरांत शिजायची.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आबा लोणावळ्याच्या एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडेपर्यंत. युनियनची पत्रकं, वस्तीच्या पाणवठ्याची, स्मशानाच्या रस्त्याची, शिष्यवृत्ती अडल्याची, जमिनी लाटल्याची. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव्हारा मोकळा केला, आणि त्या कोनाड्यात तेव्हापासून पत्रकांचे गठ्ठे आहेत. पिवळे, गुलाबी, पोपटी. कागद इतका पातळ की मागची शाई पुढं दिसायची. इतर मुलं अननसाच्या अ वरून शिकली. मी 'जाहीर' मधल्या ज वरून शिकले. सुट्टीत आबांबरोबर छापखान्यात जायचं, ओल्या शाईचे गठ्ठे छातीशी धरून आणायचे, मग फ्रॉकवर उलट्या अक्षरांत 'बंधुभगिनींनो' उमटलेलं असायचं. आई ते घासून घासून धुवायची.

पत्रक लिहायला बसले की आबा आधी सगळं मोठ्यानं वाचायचे. मग लाल पेन घेऊन विरोधकाच्या खुर्चीत बसायचे. "ह्या वळीवर तो बोट ठेवंल," म्हणायचे आणि ती ओळ काढून टाकायचे. ऐकीव असेल तर काढ. रागाच्या भरात आलेली असेल तर काढ. ऐकायला भारी वाटते पण दाखवता येत नाही, तर आधी काढ. मी रडकुंडीला यायचे, कारण सगळ्यात चांगल्या ओळी जायच्या. उरायचं ते कोरडं आणि टणक. आबा म्हणायचे, गरिबाच्या कागदात एक जरी खोटं सापडलं तरी त्याचं शंभर खरं बुडतं. श्रीमंताला ही अट नाही.

मी पुढं विज्ञानाकडं गेले ती याच शाळेतून. मला वाटलं होतं, ही अट सगळ्यांनाच लागू असलेली एक जागा जगात आहे.

त्या सुगीच्या आदल्या उन्हाळ्यात ओढ्यावर भराव पडला. आमच्या खाचरांच्या खालच्या अंगाला रिसॉर्ट उभं राहत होतं. डंपर यायचे, मुरूम ओतायचे, जायचे. जिथं ओढा पसरट होता, दगडाखाली खेकडे असायचे, तिथं हिरवळीचं लॉन झालं आणि ओढ्याला दोन सिमेंटच्या पायपांत कोंबलं. ओढा बुजवला आणि रिसॉर्टच्या नावात मात्र ओढा ठेवला, इंग्रजीत. त्याचं भलंमोठं फाटक हमीदभाऊंनीच केलं होतं. मोराच्या पिसाऱ्याचं डिझाइन, प्रत्येक पिसाला वेगळा वाक. मला त्यांनी ते कौतुकानं नेऊन दाखवलं होतं. "लगीन लागंल आसं फाटक हाय का न्हाई?"

पाऊस सुरू झाला आणि दोन पायपांना ओढा पेलेना. पाणी मागं तुंबलं आणि आमच्या खालच्या खाचरांत शिरलं. लावणी झालेली होती. भात पाण्याखाली गेलं, शेंडे तेवढे वर. ओसरलं, पुन्हा चढलं, असं ऑगस्टभर चाललं. भात मेलं असतं तर त्याच वेळी बोंब झाली असती. पण भात मरत नाही. ते पाण्यावर डोकं काढायला धडपडतं, कांडं लांबवतं, असेल नसेल ते उंचीत घालतं. सप्टेंबरात पाणी उतरलं तेव्हा खालची खाचरं वरच्यापेक्षा हातभर उंच दिसत होती.

आणि आम्ही खूश झालो. ह्या गोष्टीचं मला अजून हसू येतं. भातात आयुष्य गेलेली माणसं, त्या उंचीला भुलली. पाण्यानं गाळ आणला, खत आणलं, असं सगळे म्हणत होते. हमीदभाऊ त्यात उभे राहून ओरडले होते, "ए आबा, बग! माजं भात माज्या छातीला लागतंय. तुझ्या वरच्या खाचरातलं बसून हाय का उभं हाय?"

"तुज्या उंचीला कोंबडीबी छातीला लागंल," आबा म्हणाले.

भराव चांगलाच झाला, असंही कोणीतरी बोललं. आबांनीही त्या महिन्यात पत्रक काढलं नाही.

परतीच्या पावसाची एकच संध्याकाळ आली, वारा घेऊन. सकाळी जाऊन पाहिलं तर वरच्या खाचरांतलं भात झुकून पुन्हा उभं होतं आणि खालचं सगळंच्या सगळं झोपलेलं. वळणावळणानं, जणू एखादं मोठं जनावर त्यात लोळून गेलं असावं. दाणा भरत आलेला, तो चिखलात. पडलेल्या भाताचा आंबूस वास असतो. दोन दिवस ऊन नाही पडलं की लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. शेतातलं धान्य शेतातच उगवायला लागतं आणि आपण बघत राहतो.

ते पडलेलं भात बसून कापावं लागतं. उभ्या भाताच्या कापणीला एक लय असते, मूठ, विळा, मूठ, विळा. पडलेल्याला ती नाही. प्रत्येक मूठ चिखलातून उपसायची, कुठून धरायची तेच कळत नाही. आई, हमीदभाऊंच्या घरच्या सायराकाकू, मी, सगळ्या उकिडव्या बसून सरकत होतो. बांधाच्या पलीकडं लॉनवर कुणाच्या तरी लग्नाचं फोटोशूट चालू होतं. नवरीचा घागरा उडायला हवा म्हणून एक पोरगा पंखा धरून उभा होता.

पंचनाम्याला तहसीलचे साहेब आले. रिसॉर्टचा मॅनेजरही आला. पलीकडच्या गावचा, आमच्याच शाळेतला, आता पांढऱ्या बुटांतला. तो अदबीनं म्हणाला, "आबा, भात उंच वाढलं म्हणून पडलं. उंच का वाढलं? युरिया जास्त झाला. आम्ही पाण्याला पाईप दिलाच आहे ना."

साहेबांनी मान डोलावली. युरिया सगळ्यांना माहीत आहे. ओढ्याची आठवण फक्त आम्हाला.

आबा त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "तुजं ते यंत्र हाय ना. त्यात दिसंल का?"

मी खालच्या खाचरांतल्या काड्या घेतल्या, वरच्या खाचरांतल्या घेतल्या. बी एकच, लावणी एकाच आठवड्यातली, खत एकाच गोणीतलं. फरक फक्त पाण्याचा. ओल्या फडक्यात गुंडाळून दोन पेंढ्या मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "ताई, बैल पुण्यात बांधलाय व्हय?" सगळी बस हसली. मीही हसले. मला तेव्हा खात्री होती. त्या दोन पेंढ्यांत आमचा ओढा होता. पुढच्या लावणीआधी भराव निघाला तर खाचरं वाचणार होती, नाहीतर हमीदभाऊ खालची जमीन काढून टाकणार होते. दरवर्षी चिखलात बसायला माझी कंबर ऱ्हायली न्हाई, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

काडी कापणं सोपं नाही. भाताच्या काडीत वाळूचाच एक भाऊबंद असतो, सिलिका. पात्याची धार जाते, चकती फाटते, चुरगळते. मी दिवसच्या दिवस चकत्या काढत बसले. आणि मग पहिला नकाशा पडद्यावर उमटला तेव्हा काही वेळ मी सगळं विसरले. मधे पोकळी, भोवती कडं, कड्यात रांगेनं बसलेल्या नळ्या, आणि सालीखाली जाड भिंतींच्या पेशींची एक घट्ट पट्टी. काडीला ताठ ठेवते ती हीच पट्टी. लिग्निन तिथंच साठतं. आमच्या मातीत उगवलेली वस्तू मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. सुंदर होती. ह्या शब्दाचा मला तेव्हा राग नव्हता.

रंगांचं सांगायचं राहिलं. त्या यंत्राला रंग दिसत नाहीत. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, एवढंच. आकड्यांना रंग आपण देतो. सगळ्यात लहान आकडा निळा, मग हिरवा, पिवळा, सगळ्यात मोठा लाल. कुठून कुठवर काय, ते एका मोजपट्टीवर ठरतं आणि ती पट्टी आपण हातानं सरकवू शकतो. पट्टी आखडली की बारीकसा फरकही निळ्या-लालाएवढा होतो. पट्टी पसरली की तोच फरक पिवळा आणि थोडा कमी पिवळा.

मी दोन्ही काड्यांना एकच मोजपट्टी लावली, शून्यापासून सुरू होणारी, पूर्ण. फरक होता. पडलेल्या काड्यांत सालीखालची पेशींची पट्टी पातळ होती, लिग्निन कमी होतं. चकत्या वाढवल्या तरी फरक होताच. पण काही पडलेल्या काड्या उभ्या काड्यांसारख्याच निघाल्या, त्याही मी ठेवल्या. एकूण चित्र काय, तर एक पिवळं आणि एक फिकं पिवळं.

आमच्या मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पट्टी थोडी आखडून घे. फरक उठून दिसेल. सगळेच करतात."

"पण मग तो जेवढा आहे त्याहून मोठा दिसेल."

"चित्राच्या कडेला पट्टी छापायची. म्हणजे खोटं नाही."

"ती कोण वाचतं, मॅडम?"

"वाचणाऱ्यानं वाचावी," त्या म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

मी छापील चित्र घेऊन गावी आले तेव्हा झोडणी चालू होती. आबा आणि हमीदभाऊ पेंढ्या आपटत होते. पडलेल्या भाताच्या लोंब्यांतून दाण्याबरोबर वाळलेले कोंबही गळत होते, केसांसारखे. दोघांनी हात पुसले, कागद धरला. बराच वेळ बघितला. मग हमीदभाऊंनी तो उलटा केला.

"ह्यातलं पडल्यालं कुटलं?"

मी दाखवलं.

"आन हे उभं? दोनी सारखीच की गं. जुळ्या भनी."

"फरक आहे, भाऊ. हा पिवळा बघा, आणि हा."

"सोनाराला दाव," ते म्हणाले.

आबा हसले नाहीत. ते कागद उजेडाकडं धरून उभे होते. पत्रक वाचताना जसे उभे राहायचे तसेच. मग हळू म्हणाले, "लाल करता येत न्हाई का?"

"करता येतं."

"मंग कर की."

हे आबा म्हणत होते. माझ्या सगळ्या चांगल्या ओळी खोडणारा माणूस. "आबा, कागद आपण रंगीत घेतो. आत लिहिलेलं रंगवत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"शिकिवलंय," ते म्हणाले. "पण त्यांनी वढा बुजिवला तवा मोजपट्टी लावलीती का?"

आबांनी पुन्हा झोडायला घेतलं, माझ्याकडं न बघता, दगडावर नेहमीपेक्षा जोरात. दाणे माझ्या पायापर्यंत येत होते. मला वाटलं होतं ते नंतर तरी म्हणतील, तुझं बरोबर आहे. ते म्हणाले नाहीत. त्यांना मी बरोबर आहे हे माहीत होतं, आणि त्याच गोष्टीचा त्यांना राग आला होता.

शाळेच्या वर्गात बैठक भरली. मोठी माणसं लहान बाकांवर, गुडघे छातीशी. फळ्यावर अजून बेरजा होत्या. मॅनेजरनं ड्रोनचा व्हिडिओ दाखवला, हिरवं लॉन, खाली चमकणारं पाणी, मागं लोहगड, संगीतासकट. बघणाऱ्यांत कोणीतरी म्हणालं, "आयला, आपलं गाव एवढं भारी हाय?" मग माझी पाळी आली. मी भिंतीवर माझं चित्र टाकलं. एक पिवळं कडं, एक फिकं पिवळं कडं. मी बोलत होते आणि बोलता बोलता मला दिसत होतं की ऐकणाऱ्यांचे डोळे दोन्ही चित्रांवरून फिरून रिकामे परत येताहेत. मागून आवाज आला, "चकली हाय का?"

मॅनेजर अदबीनंच उठला. "ताई, एक विचारू? जास्त युरिया टाकला तरी ह्या भिंती अशाच पातळ होतात ना?"

होतात. हे प्रत्येक पुस्तकात आहे.

"होतात," मी म्हणाले.

वर्गात एक सुस्कारा पसरला, काहीतरी मिटल्याचा. पण वरच्या खाचराला तेवढंच खत होतं, त्याच गोणीतलं, मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. तेवढ्यात बाकं सरकली होती. चहा आला होता. साहेब म्हणाले, संयुक्त पाहणी करू, अहवाल मागवू. सरपंचांनी माझं कौतुक केलं, आपल्या गावची लेक, सायंटिस्ट. टाळ्या वाजल्या. माझ्याच पराभवाला माझ्यासाठी वाजलेल्या टाळ्या मी उभी राहून घेतल्या.

हमीदभाऊ वर्गाच्या दारात उभे होते. फक्त एवढं म्हणाले, "न्हाई म्हनायला काय झालंतं?"

पाहणी झाली नाही. पुढच्या पावसात पाणी पुन्हा तुंबलं. मी तेव्हा एक पत्रक लिहिलं, एकपानी, गुलाबी कागदावर, पायपांचं आणि ओढ्याचं, एकही ओळ खोडता येऊ नये असं. फाट्यावर उभी राहून शनिवार-रविवारच्या गाड्यांत वाटलं. लोक घ्यायचे, चांगल्या घरचे होते. एकानं माझ्यादेखत त्यात गरम भजी घेतली. तेल शोषायला तो कागद उत्तम होता.

माझा शोधनिबंध मात्र छापून आला. त्यात ती चित्रं आहेत, तीच पट्टी, तेच फिकं पिवळं. परीक्षकांनी खास लिहिलं होतं की मोजमापातला संयम उल्लेखनीय आहे. त्यात आमच्या गावाचे अक्षांश-रेखांश आहेत. 'पूरग्रस्त क्षेत्र' असा शब्द आहे, जणू पूर आपण होऊन आला. भरावाचा शब्द मी घातला होता. तो विषयाला धरून नाही म्हणून निघाला. शेवटी 'स्थानिक शेतकऱ्यांचे आभार' आहेत. जगात जी माणसं तो वाचतील त्यांना फिक्या पिवळ्यातला फरक दिसेल, पटेल, ते त्याचा आधारही घेतील. फक्त त्यांच्यापैकी कोणाच्या हातात तो भराव काढणं नाही. आणि ज्यांच्या हातात होतं त्यांना लाल हवा होता.

लोक मला सांगतात, तू योग्य तेच केलंस. पुण्यात तर फारच सांगतात, कॉफी पिता पिता. मीही तेच म्हणते. पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त कडू वाटतं. चुकले असते तर सुधारता आलं असतं. खरं बोलणं ज्यांना परवडतं त्यांनी ते टाळायचं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांनी त्याच्यासाठी जमीन मोजायची, अशी ही वाटणी आहे. ती कोणी केली हे विचारलं की संयुक्त पाहणी लागते.

हमीदभाऊंनी खालची खाचरं रिसॉर्टलाच दिली. दुसरं कोणी घेणार नव्हतं. आता तिथं गाड्या लागतात. आमचा पट्टा आहे अजून, त्यात लव्हाळं माजलंय आणि बगळे उभे असतात. आबा तिकडं फारसं जात नाहीत. आमचं बोलणं आहे, तुटलेलं नाही. पण त्यांनी माझ्यासमोर पत्रक मोठ्यानं वाचायचं सोडलंय.

काल वरच्या खाचरात कापणी होती. आई, आबा, मी. ऊन चढायच्या आत हमीदभाऊ आले, खांद्यावर टॉवेल, हातात स्वतःचा विळा. कोणी बोलावलं नव्हतं. "दुकान बंद ठिवलंय," म्हणाले आणि माझ्या शेजारची ओळ धरली. भात उभं होतं, सरळ, हाताला खरखरीत लागणारं. मूठ, विळा, मूठ, विळा. इतक्या वर्षांनी ती लय हाताला सापडली आणि मी नकळत हसले असेन.

"हसतीस काय? बरी कापतीस की. यंत्रानं हात मऊ न्हाई क्येलं."

"भाऊ, तुम्ही कशाला आलात? सुट्टी घेतली आणि इथं राबताय."

"कापायला आलो. मला कुटं हाय कापायला?" त्यांनी मूठ बांधावर टाकली, कंबर धरून सरळ झाले. खाली गाड्यांच्या काचा उन्हात चमकत होत्या. ते तिकडं न बघता माझ्याकडं बघत होते, रागानं नव्हे. फाटकातल्या एखाद्या पिसाचा वाक नीट बसलाय का हे बघावं, तसे.

"तू खरी ऱ्हायलीस, पोरी. ते बरंच झालं. गावात कोनी तुला खोटं म्हनत न्हाई, मीबी न्हाई." त्यांनी घाम पुसला. "फकस्त आता त्ये खरं कुटं पेरायचं, तेवढं सांग. माज्याकडं काय जागा ऱ्हायली न्हाई."

आबांचा विळा थांबला. ते वाकलेलेच होते, पण ऐकत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनाही माझं उत्तर हवं होतं.

मला पुष्कळ उत्तरं येतात. पत्रकात बसतील अशी, निबंधात बसतील अशी. त्यांतली एकेक मी मनात वाचली आणि एकेक खोडली.

"माज्याकडंबी न्हाई, भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि आम्ही तिघांनी पुन्हा कापायला घेतलं.